भटू दिवेवाला आणि धुळीपलीकडचा तारा

पडदा वर जातो तेव्हा समोर जळगावच्या एका दवाखान्यातला लांब पॅसेज दिसतो. डाव्या विंगेपाशी पाण्याचा कूलर, त्याला साखळीनं बांधलेला स्टीलचा पेला. उजवीकडे लाकडी बाक. मागे मधोमध हिरव्या रंगाचं दुहेरी दार. दारावर दोन ट्यूबलाइट आहेत; एक नीट जळते, दुसरी सारखी डोळे मिचकावते. वेळ वैशाखातल्या दुपारची. बाहेर ऊन असं पांढरं की रस्त्यावरची माणसं सावलीसकट पुसली गेल्यासारखी वाटतात.

बाकावर तिघं बसली आहेत. एका टोकाला कुंदाबाई, मांडीवर जेवणाच्या डब्याची पिशवी. दुसऱ्या टोकाला मी, जुना नट, आता कवळी लावून बोलणारा. आणि मध्ये, एवढ्या उन्हाळ्यातही गळ्याभोवती रुमाल गुंडाळून बसलेला भटू. ही गोष्ट त्याची आहे. आयुष्यभर तो दिव्यांच्या मागे उभा राहिला, म्हणून आज त्याला मध्ये बसवतो.

भटूचं धुळ्याला देवपुरात मोटारी भरून देण्याचं दुकान. विहिरीतल्या पंपाची मोटार जळाली की शेतकरी ती बैलगाडीत नाहीतर छोट्या टेम्पोत घालून त्याच्याकडे आणायचे आणि तो जळकी तार उकलून नवी गुंडाळायचा. हे त्याचं पोट. त्याचा जीव मात्र आमच्या हौशी नाट्यमंडळात होता. आमच्याकडे पैसा कधीच नव्हता, म्हणून डिमरही नव्हता. भटूनं तो मिठाच्या पाण्यातून काढला. मातीचं एक लांब नळकांडं, त्यात खारं पाणी, तळाशी तांब्याची एक पट्टी आणि वर दोरीला टांगलेली दुसरी. वरची पट्टी खाली सोडत गेलं की रंगमंचावरचा दिवा हळूहळू उजळायचा, ओढून घेतली की मंदावायचा. पाणी तापून वाफा निघायच्या. एका हातात दोरी धरून भटू विंगेत उकिडवा बसलेला असायचा आणि त्याची नजर माझ्या छातीवर असायची. मी श्वास आत घेतला की उजेड चढायचा, सोडला की उतरायचा. प्रेक्षक टाळ्या मला देत. मी त्या घरी घेऊन जायचो.

बोलायला तो फार कंजूष. आधी घशात एक बारीक ‘हं’, मग इतका वेळ गप्प की समोरच्याला वाटावं हा विसरला, आणि मग एकच वाक्य. जणू बोलण्याआधी टेस्टर लावून तारेत करंट आहे का ते बघून घेतोय. नवीन गिऱ्हाईक वैतागायचं. कुंदाबाई म्हणायच्या, “लग्नाला हो म्हणायला यांनी इतका वेळ लावला, की माझा बाप दुसरं स्थळ बघायला जामनेरला परत निघाला होता.”

या अबोल माणसाला मुलगी झाली ती बडबडी. भाविका. तांब्याच्या तारांच्या रिळांवर ती लहानाची मोठी झाली. देवपुरातच शिकली, मग पुण्याला गेली, आणि आता चिली नावाच्या देशात एका उजाड डोंगरावर दुर्बिणीपाशी बसते. मागच्या दिवाळीत ती घरी आली होती तेव्हा गच्चीवर आम्ही भरताची वांगी भाजत बसलो होतो आणि मी तिला विचारलं होतं, “पोरी, तू तिथं नेमकं करतेस काय? चारचौघांत सांगायचं तर मला नीट सांगता आलं पाहिजे.”

ती म्हणाली, “नानाकाका, काही तारे फुगतात आणि आकसतात. फुगता-आकसता त्यांचा उजेड वरखाली होतो, आणि त्याचा ठेका ठरलेला असतो. कुणाचा पाच दिवसांचा, कुणाचा वीस दिवसांचा. यातली गंमत अशी की ज्याचा ठेका संथ, तो तारा मुळात जास्त तेजस्वी. म्हणजे नुसता ठेका मोजला तरी तारा मुळात केवढा तेजस्वी आहे ते कळतं. मग आपल्याला तो किती मंद दिसतो ते बघायचं—”

भटूनं ‘हं’ केलं. आम्ही थांबलो. वांग्याची साल फटकन फुटली. मग तो म्हणाला, “बल्ब कितला वॅटना शे ते समजनं, म्हंजे कितला लांब शे ते बी समजी जास.”

“अगदी तेच, आप्पा. ठेका म्हणजे बल्बवर छापलेले वॅट.”

“आणि मधे धूळ असली तर?” मी विचारलं. हा प्रश्न मला सुचला त्याला कारण होतं. एकदा जामनेरकडच्या एका जत्रेत उघड्या माळावर आमचा प्रयोग होता. वावटळ उठली, सगळं धुळीनं भरून गेलं, आणि निळा कागद लावलेला दिवा असा विझल्यासारखा झाला की मी भर प्रवेशात भटूला शिव्या घातल्या. त्यानं निळा कागद काढून तांबडा चढवला. तांबडा उजेड धुळीतून आला. पडलेला प्रवेश उभा राहिला.

भाविकाला ही गोष्ट पाठ होती. ती म्हणाली, “तोच तर माझा धंदा आहे, काका. आपल्या आकाशगंगेच्या मधल्या भागाकडे इतकी धूळ आहे की त्यामागचे तारे डोळ्याला दिसतच नाहीत. दिसले तरी धुळीनं मंद झालेले, आणि आपण समजतो ते लांब आहेत. म्हणून आम्ही तांबड्याच्याही पलीकडचा उजेड पकडतो. अवरक्त. तो डोळ्यांना दिसत नाही, पण धुळीतून बराचसा पार येतो. त्या उजेडात ताऱ्याचं वरखाली होणं कमी दिसतं, पण अंतराचा हिशेब जास्त नेमका बसतो.”

“म्हणजे जामनेरचा तांबडा कागद,” मी म्हणालो.

“हो. मी आप्पांचंच दुकान चालवतेय, फक्त जरा लांब.”

भटूनं भाजलेल्या वांग्याचा मऊ गर तिच्या ताटात वाढला आणि देठाकडचा माझ्या. त्याची शाबासकी तीच.

तर आता परत त्या बाकावर.

घसा बसलाय, बसलाय म्हणून भटूनं अर्धं वर्ष काढलं होतं. जर्दा कधी सुटला नाही. शेवटी गिळायला त्रास व्हायला लागला तेव्हा कुंदाबाईंच्या भावानं जळगावला दाखवायला लावलं. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलले. कॅन्सर आहे, पण अजून पसरलेला नाही. जीव वाचेल. स्वरयंत्र मात्र काढावं लागेल, पूर्ण. गळ्याला भोक राहील, श्वास त्यातून. आवाज येणार नाही.

कुंदाबाईंनी विचारलं, “थोडाफार?”

“काही दिवसांनी यंत्र लावून शिकवतात बोलायला. ते यंत्राचं बोलणं असतं. यांचा आवाज नाही.”

माझी सगळी हयात आवाजावर गेली. शेवटच्या रांगेपर्यंत कुजबुज कशी पोचवायची हे मी पोरांना शिकवलं. त्या खोलीत माझ्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. ‘हं’ केलं ते भटूनं. मग बराच वेळ गेला. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. मग भटू म्हणाला, “करी टाका.”

बाहेर आल्यावर तो बाकावर बसला आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघून म्हणाला, “भाविकाले सांगानं नही.”

त्यामागचं कारण आम्हाला ठाऊक होतं. भाविकाची दुर्बिणीवरची पाळी त्याच दिवसांत आली होती. अशी पाळी मागून मागून वर्षातून एकदा मिळते. तिचा एक तारा होता, धुळीच्या दाट पडद्यामागचा, ज्याचा ठेका कुणी मोजलेला नव्हता. अर्धाअधिक तिनं मोजला होता. मधल्या रात्री चुकल्या की ठेका तुटतो आणि परत पहिल्यापासून सुरुवात. आणि तिच्या नोकरीची मुदत या वर्षाबरोबर संपत होती.

“ती पोर मला जन्मभर माफ करायची नाही,” कुंदाबाई म्हणाल्या.

“मी तर मुळीच लपवणार नाही,” मी म्हणालो. “तिचा बाप आहेस तू. तुझा आवाज शेवटचा ऐकायचा हक्क तिचा आहे.”

“ती तिना तारा, बठ्ठं सोडीसन यी,” तो म्हणाला. “आनि यीसन काय करी? माले पाही. बस.” मग त्यानं माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला, आणि कुंदाबाईंचाही. “तुमले मन्ही आन शे.”

आता खान्देशातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आजारी माणसानं डोक्यावर हात ठेवून आन घातली की पुढचं सगळं बोलणं बंद. लांब दिलेल्या लेकीला वाईट बातमी कळवायची नाही, हीच आपल्याकडे माया समजली जाते. किती लेकी घरी येऊन पोचतात तेव्हा चितेची राखही गार झालेली असते. हे मला दिसत होतं. माझा हात त्याच्या डोक्यावरच्या विरळ केसांत होता आणि मला तो उचलता येत नव्हता.

“पण ती रोज फोन करते,” कुंदाबाई म्हणाल्या. “तुम्ही बोलला नाहीत तर?”

भटू माझ्याकडे वळला. “नाना, नाटकमा तू बठ्ठास्ना आवाज काढस. मना बी काढशी का?”

मी हसलो. मग कळलं की तो विनोद करत नाहीये.

भाविकाचा फोन यायचा तिची पहाट आणि आमची संध्याकाळ असताना, रात्रभराचं काम संपवून. नुसता आवाजाचा. फोनवरचं चित्र मधेच अडकलं की भटूला ऐन प्रवेशात लाइट गेल्यासारखं वाटायचं, म्हणून चित्राचा फोन त्यानं कधी घेतलाच नाही. आता तेच त्याच्या पथ्यावर पडत होतं. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी, भटूला दाखल केलेल्या वॉर्डात, आम्ही तालीम केली. माझ्या आयुष्यातली शेवटची तालीम, आणि दिग्दर्शक भटू.

मी घसा खरवडून म्हणालो, “बरं शे, पोरी. गोळ्या चालू शेत.”

भटूचा ‘हं.’ थांबणं. “मी काय बकरी शे का?”

कुंदाबाईंना हसू आलं. कितीतरी दिवसांनी. मी परत म्हटलं, आवाज खाली उतरवून.

“आता जमलं,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “उलट यांच्यापेक्षा बरं बोलता तुम्ही. असंच बोलत राहा, यांना घरी न्यायलाच नको.”

भटूही हसला. हसताना त्याला खोकला आला आणि तो खूप वेळ थांबला नाही.

त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. हा त्याचा स्वतःचा, शेवटचा. मी मनात म्हणत होतो, बोल गड्या, आता तरी मोठं वाक्य बोल. फोन स्पीकरवर होता. तिला आम्ही एवढंच सांगितलं होतं की घशात छोटी गाठ आहे, ती काढायची.

“आप्पा, उद्या ते छोटं ऑपरेशन ना? गाठ काढायचं?”

“हं… हां.”

“घाबरू नका.”

“नही.”

“काल ढग होते, अर्धी रात्र वाया गेली. पण अजून दोन रात्री मिळाल्या तर ठेका पूर्ण होतोय. मग अंतर काढता येईल.”

त्यानं वेळ घेतला. “कितला लांब निंघी?”

“आत्ताच नाही सांगता येत. निघालं की सगळ्यांत आधी तुम्हाला सांगेन. इथल्या सरांनासुद्धा नाही.” मग ती म्हणाली, “आप्पा, तुमचा आवाज फारच बसलाय.”

कुंदाबाईंनी तोंडात पदराचा बोळा धरला. मी खिडकीकडे बघितलं. भटू थांबला, नेहमीसारखाच, जास्त नाही, कमी नाही.

“धूळ उडी ऱ्हायनी आठे,” तो म्हणाला.

“काळजी घ्या. ठेवते.”

तिनं फोन ठेवला. त्यानं तो हातात तसाच धरून ठेवला, फोनचा पडदा काळोखा होईपर्यंत. मग कुंदाबाईंनी काढून घेतला. रात्री त्यांनी भाविकाचा नंबर लावल्याचं मी पाहिलं. वाजण्याआधीच त्यांनी तो बंद केला आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत बसल्या, जो त्याच्या डोक्यावर ठेवला होता.

सकाळी त्याला स्ट्रेचरवर घेतलं. याच पॅसेजमधून, या बाकासमोरून. आम्ही दोघं दोन्ही बाजूंनी चालत होतो. हिरव्या दारापाशी वॉर्डबॉय थांबला. भटू उताणा होता, नजर वर. त्याचा ‘हं’ मी ऐकला. कुंदाबाई वाकल्या. मीही वाकलो. इतक्या वर्षांत एकदाही न बोललेलं काहीतरी आता येणार, असं आम्हा दोघांना वाटलं. तो एक वाक्य बोलला. मग दार मिटलं.

ऑपरेशन चांगलं झालं. तसं डॉक्टर म्हणाले, आणि ते खरंही होतं. भटू शुद्धीवर आला तेव्हा गळ्याला पट्टी, त्यातून नळी, आणि त्या नळीतून श्वासाचा नुसता फुसफुसाट. त्याला पाटी-पेन्सिल दिली होती. ती त्यानं उशाशी सारून ठेवली.

पहिला फोन माझ्या अंगावर आला. “बरं शे, पोरी. गोळ्या चालू शेत. झोप येस.” ती म्हणाली, “मग झोपा, आप्पा. उद्या बोलू.” एवढंच. भटूनं पलंगावरून अंगठा वर केला. मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. टाळी ती टाळी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला तो तिच्या नेहमीच्या वेळेआधी. मी स्पीकर लावला आणि फोन भटूच्या उशीवर ठेवला. मी खुर्ची ओढून जवळ बसलो. कुंदाबाई पायाशी.

“आप्पा, झालं,” ती म्हणाली. तिला दम लागला होता, बहुतेक डोंगरावरच्या थंडीत धावत आली होती. “ठेका पूर्ण झाला. आत्ताच हिशेब केला, अजून कुणालाच सांगितलं नाही. तो आकाशगंगेच्या मध्याच्याही पलीकडे निघाला. नुसत्या डोळ्यानं बघायला गेलं तर तिथं काहीच नाही, काळोख. आणि तो तिथं आहे, आप्पा. त्याचा उजेड पस्तीस-छत्तीस हजार वर्षं चालत आलाय त्या सगळ्या धुळीतून, आणि ठेका चुकला नाही त्याचा.”

मी भटूकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. नळीतून हवा जात होती, येत होती. सलाइनची सुई नसलेला हात त्यानं वर उचलला, मूठ वळली आणि ती सावकाश, अगदी सावकाश खाली आणायला लागला. मी तो हात ओळखला. तो दोरी सोडत होता. पट्टी खाऱ्या पाण्यात उतरवत होता. दिवा चढवत होता तिच्यासाठी. आणि ती वाट बघत होती पलीकडे, उत्तराची.

हे कुठल्या शब्दांत म्हणायचं? मी किती भूमिका केल्या, राजे केले, भिकारी केले. भटूचं हे एक वाक्य मला येत नव्हतं. त्याच्या हाताचं भाषांतर माझ्याकडे नव्हतं. शांतता लांबली आणि मी घाबरून तोंडात येईल ते बोललो, त्याच्या आवाजात, उत्तम वठवून.

“शाबास, पोरी. शाबास.”

पलीकडे आवाज होता तो वाऱ्याचा फक्त.

मग भाविका म्हणाली, “नानाकाका, आप्पा कुठे आहेत?”

मी कुंदाबाईंकडे पाहिलं.

“काका, आवाज त्यांचा आहे. पण आप्पा आधी ‘हं’ करतात. मग थांबतात. मी त्या थांबण्यावर वाढलेय. काल मला वाटलं औषधाची गुंगी असेल. आज नाही वाटत.”

कुंदाबाईंनी फोन उचलला आणि सगळं सांगितलं. आन होती तरी सांगितलं. रडत नव्हत्या. भाकरी भाजताना बोलावं तशा बोलत होत्या. भटूचा वर केलेला हात पांघरुणावर पडला होता आणि तो आढ्याकडे बघत होता. त्याला तिला थांबवताही येत नव्हतं.

भाविका ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मग तिनं विचारलं, “म्हणजे मला ‘धूळ उडी ऱ्हायनी’ म्हणाले, ते शेवटचं?”

“तुझ्याशी बोललेलं, हो,” मी म्हणालो, माझ्या स्वतःच्या आवाजात.

“त्यानंतर?”

“ऑपरेशनला नेताना, दारापाशी, एक वाक्य बोलला.”

“माझ्याबद्दल होतं?”

आता मी रंगमंचावर कितीदा मेलोय, आणि प्रत्येक वेळी लेखकानं हातात झकास वाक्य दिलेलं होतं. तशी दहा माझ्या जिभेवर तयार होती. त्यातलं एकही ऐकून पोरगी सुखानं रडली असती. कुंदाबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि मला दिसत होतं की त्यांनाही ते खोटं हवं होतं. मी तोंड उघडलं. भटूनं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं, जसा विंगेतून बघायचा, माझ्या छातीकडे, श्वासाकडे.

मला खोटं बोलवलं नाही. आणि खरं सांगून कुणाचं काही भलंही होणार नव्हतं.

“नाही, पोरी,” मी म्हणालो. “तुझ्याबद्दल नव्हतं. तुझ्या आईबद्दलही नव्हतं. तो उताणा होता, दारावरचे दिवे त्याच्या डोळ्यांसमोर होते. वॉर्डबॉयला म्हणाला—”

“काय म्हणाले?”

“‘त्या ट्यूबना स्टार्टर गया शे. बदली टाका, उगाच लपलप करी ऱ्हायनी.’”